हँडलच्या टोकावरची लिव्हर

सायकलच्या गिअरांचा इतिहास बहुतेकदा एका सरळ रेषेत सांगितला जातो. आधी लिव्हर फ्रेमच्या तिरक्या दांड्यावर असायची आणि नुसत्या घर्षणाने जागेवर राहायची. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने ‘ड्यूरा-एस’ संचात खटक्याने बसणारा गिअर आणला, १९९० साली तोच खटका ब्रेकच्या लिव्हरमध्ये गेला, आणि मागचं सगळं कालबाह्य झालं. शर्यतीच्या सायकलींपुरतं हे बरोबर आहे. पण ड्रॉप हँडलच्या टोकांत बसणारा बार-एंड शिफ्टर या रेषेत मावत नाही. त्याने घर्षणाचा जमाना पाहिला, खटक्याचा पाहिला, आणि बरीच वर्षं दोन्ही पद्धती एकाच लिव्हरमध्ये नांदवल्या. या लिव्हरचा इतिहास नीट पाहिला तर खटक्याबद्दलची आपली समजूतही बदलावी लागते. खटक्याने लिव्हर सुधारली हे अर्धंच खरं आहे. गिअर नेमका बसवण्याची जबाबदारी आधी चालवणाऱ्याच्या हातावर होती; खटक्याने ती तिथून काढून लिव्हर, केबल, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), चेन आणि मागच्या चकत्या यांच्या आपसांतल्या मेळावर टाकली. फ्रिक्शन, म्हणजे घर्षणाचा, घ्यावा की इंडेक्स्ड, म्हणजे खटक्याचा, हा निर्णय त्या मेळावर आपला किती भरवसा आहे यावर ठरायला हवा.

लिव्हर हँडलच्या टोकाला गेली ती अगदी साध्या गरजेतून. तिरक्या दांड्यावरचा गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढून गुडघ्यांच्या मध्ये न्यावा लागतो. गुळगुळीत रस्त्यावर ते चालतं. चिखलातून आणि खाचखळग्यांतून पळणाऱ्या सायक्लोक्रॉसच्या स्पर्धकाला किंवा पुढच्या चाकावर सामान लादून घाट उतरणाऱ्या प्रवाशाला ते महागात पडतं. म्हणून फ्रान्सच्या सिंप्लेक्सने आणि इटलीच्या कॅम्पॅन्योलोने हँडलच्या टोकात बसणाऱ्या लिव्हर काढल्या. त्या चांगल्या होत्या, पण जड चालायच्या, कारण साध्या घर्षणाच्या लिव्हरमध्ये एक मूळचीच अडचण असते. डिरेलरची स्प्रिंग केबल सतत ओढत असते. ती ओढ थोपवायला लिव्हरमधल्या घर्षणाच्या चकत्या घट्ट आवळाव्या लागतात, आणि मग मागच्या मोठ्या चकतीवर चेन चढवताना हाताला स्प्रिंग आणि घर्षण अशा दोघांशी झगडावं लागतं.

ही गाठ ओसाकाच्या माएदा कंपनीने, म्हणजे सनटूरने, सोडवली. त्यांच्या ‘बार-कॉन’ लिव्हरच्या पोटात बारीक दात्यांचं रॅचेट होतं. केबल ओढताना रॅचेट मोकळं फिरतं, त्यामुळे घर्षण आड येत नाही आणि हाताला फक्त स्प्रिंगचं वजन लागतं. सोडताना दाते अडकतात आणि घर्षणाच्या चकत्या कामाला लागतात. स्प्रिंगची ओढ त्याच दिशेला असल्यामुळे तेव्हा अंगठ्याचा हलका दाब पुरतो. लिव्हर ओढताना जी बारीक किटकिट ऐकू येते तिचा गिअरच्या जागेशी काहीही संबंध नसतो. तो रॅचेटच्या दात्यांचा आवाज असतो, आणि नवखा माणूस हमखास त्यालाच खटका समजतो. माझ्या मते सायकलच्या सुट्या भागांत इतक्या थोड्या तुकड्यांनी इतकी मोठी अडचण दूर केल्याची उदाहरणं फार नाहीत. या लिव्हरवर गिअर शोधणं हे सारंगीवर सूर शोधण्यासारखं आहे: जागा आखलेली नसते, कान आणि बोट मिळून ती ठरवतात. चेन घासल्याचा आवाज आला की लिव्हर केसभर हलवायची, आवाज थांबतो.

खटक्याने बसणाऱ्या गिअरचे प्रयत्न १९८४च्या आधीही झाले होते. खुद्द शिमानोनेच १९७०च्या दशकात ‘पॉझिट्रॉन’ आणला. त्यात खटके लिव्हरमध्ये नव्हते, डिरेलरमध्ये होते. तो स्वस्त सायकलींवरच राहिला. मग १९८४ साली तीच कल्पना का यशस्वी झाली? माझं उत्तर असं की त्या वर्षी शिमानोने नुसती लिव्हर विकली नाही, अख्खा संच विकला. सनटूरने १९६४ साली काढलेल्या तिरक्या चौकटीच्या डिरेलरचं पेटंट त्याच सुमाराला संपलं होतं. ती रचना शिमानोने घेतली आणि तिला वरच्या सांध्यातल्या स्प्रिंगची जोड दिली. डिरेलरच्या वरच्या पुलीला आडवी थोडी मोकळीक ठेवली, म्हणजे लिव्हर अगदी नेमक्या जागी थांबली नाही तरी चेन आपली आपण चकतीवर बसते. केबलचं आउटर, म्हणजे बाहेरचं आवरण, तेही बदललं: ब्रेकचं आउटर गुंडाळलेल्या पट्टीचं असतं आणि ताण आला की दबतं, तर या नव्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ जातात, त्यामुळे त्याची लांबी बदलत नाही. यातली एक गोष्ट जरी बाहेरची वापरली तरी खटका चुकायचा, आणि शिमानोने तसं स्पष्ट बजावलं. कॅम्पॅन्योलोने उलटा रस्ता धरला. त्यांच्या ‘सिंक्रो’ लिव्हरमध्ये वेगवेगळ्या फ्रीव्हीलसाठी (मागच्या चकत्यांच्या संचांसाठी) वेगवेगळ्या खाचांच्या चकत्या बसवता यायच्या. ग्राहकाला मोकळीक देण्याचा हेतू चांगला होता, पण गिअर धड बसेनात आणि ‘सिंक्रो’चं नाव खराब झालं. सनटूरच्या ‘ॲक्युशिफ्ट’चीही अशीच गत झाली, दुकानांत वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र जोडले जात आणि दोष लिव्हरच्या माथी येई. ज्या कंपनीने घर्षणाची लिव्हर सर्वोत्तम केली तीच खटक्याच्या बाजारात मागे पडली आणि १९८०चं दशक संपण्याच्या आत दुसऱ्यांच्या हाती गेली.

खटक्याचा जन्म तिरक्या दांड्यावर झाला यात नवल नाही. तिथून मागच्या डिरेलरपर्यंत केबल जवळजवळ उघडीच जाते. आउटरचा एक छोटा तुकडा पुरतो. हँडलच्या टोकापासून मात्र केबल हँडलच्या टेपखालून, वळसे घेत, बरंच अंतर आउटरमधून जाते, आणि प्रत्येक वळशावर थोडी अचूकता गमावते. त्यामुळे इंडेक्स्ड बार-एंड हे सरळ तारांच्या आउटरशिवाय शक्यच नव्हतं. शिमानोने ते आणलं तेव्हा उजव्या लिव्हरवर एक सोय ठेवली: फिरवायची कळ, एका बाजूला खटका, दुसऱ्या बाजूला निव्वळ घर्षण. आठ आणि नऊ गिअरच्या लिव्हरांत ही सोय होती. डावी, पुढच्या डिरेलरची लिव्हर तर घर्षणाचीच राहिली. ते योग्यच होतं, कारण मागे चेन जशी सरकेल तशी पुढच्या डिरेलरची पट्टी केसभर हलवता यावी लागते.

मागच्या चकत्यांमधलं अंतर पाहिलं की या सोयीचं मोल कळतं. शिमानोच्या सात गिअरच्या संचात एका चकतीच्या मध्यापासून पुढच्या चकतीच्या मध्यापर्यंत ५ मिलिमीटर अंतर होतं, आठात ४.८, नऊमध्ये ४.३५, दहात ३.९५ झालं. खटका या अंतराशी जखडलेला असतो, घर्षण नसतं. वर, एकाच कंपनीच्या भागांचाही मेळ कायम राहिला नाही. आठ गिअरपर्यंतच्या ‘ड्यूरा-एस’ डिरेलरला केबलची ओढ शिमानोच्याच इतर डिरेलरांहून वेगळी लागायची. नऊ गिअरच्या काळात रस्त्याच्या लिव्हर आणि माउंटन बाइकचे डिरेलर एकत्र चालत, म्हणूनच लांब प्रवासाच्या सायकलींवर नऊ गिअरचे बार-एंड इतके रुळले. दहा गिअरच्या माउंटन संचात ओढ पुन्हा बदलली आणि ती जोडी मोडली. घर्षणाच्या लिव्हरला यातल्या एकाही बदलाची झळ लागली नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी जुन्याची ओढ आहे. पुरावा तसं सांगत नाही. खटक्याचे बार-एंड बाजारात टिकले ते मुख्यतः टाइम ट्रायल आणि ट्रायथलॉनच्या स्पर्धकांमुळे. त्यांच्या पुढे आलेल्या एरो हँडलच्या टोकाला हीच लिव्हर बसायची, आणि जुन्याची आवड असलेली ही मंडळी नव्हेत. इलेक्ट्रॉनिक गिअर आले तेव्हा ती मागणी ओसरली. आज तैवानची मायक्रोशिफ्ट आणि जपानची डाया-कॉम्पे या लिव्हर बनवतात, आणि डाया-कॉम्पेच्या लिव्हरांत सनटूरच्या धर्तीचं रॅचेट अजून आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ब्रेकमधल्या लिव्हरने हात न हलवता गिअर बदलतो, मग हँडलच्या टोकापर्यंत का जावं? गर्दीच्या रस्त्यावर आणि शर्यतीत याला उत्तर नाही, तिथे ब्रेकमधलीच लिव्हर घ्यावी. बार-एंड भिंतीला आपटतो आणि उभं राहून चढताना क्वचित गुडघ्यालाही लागतो, हेही मान्य. पण ज्या सायकलीचे भाग पुढची वीस वर्षं मिळेल तिथून बदलले जाणार आहेत, तिच्यासाठी हिशेब उलटतो. ब्रेकमधल्या लिव्हरच्या पोटात केबल तुटली की तिचे धागे यंत्रात अडकतात आणि काढताना जीव मेटाकुटीला येतो. बार-एंडमध्ये केबलची गुंडी लिव्हरच्या तोंडाशीच दिसते. फ्रिक्शन अवघड असतो हा तिसरा आक्षेप मला फारसा पटत नाही. सात-आठ चकत्यांवर तो लवकर हाताशी येतो. दहाच्या पुढे मात्र चकत्या इतक्या जवळ येतात की हाताला फार सांभाळावं लागतं, आणि तिथे खटकाच बरा.

देखभालीतही हाच फरक उतरतो. लिव्हरचं बूड हँडलच्या नळीत फुगून पकडतं. शिमानोच्या लिव्हरमध्ये ते ॲलन कीने उलट्या बाजूला फिरवून आवळायचं असतं, आणि हे माहीत नसलं की माणूस सैल करत करत घट्ट करतो. फ्रिक्शनमध्ये चेन सर्वांत मोठ्या चकतीवर, म्हणजे स्प्रिंग सर्वांत ताणलेली, असताना लिव्हर जागेवर राहील एवढाच स्क्रू आवळावा. चढावर जोर देताना गिअर आपोआप उतरत असेल तर आधी हा स्क्रू पाहावा, डिरेलरला हात लावू नये. घर्षणाच्या चकत्यांना तेल लागू देऊ नये, नाहीतर लिव्हर घसरते. रॅचेटच्या दात्यांवर मात्र जुनं ग्रीस थिजलं की ते धुऊन पातळ तेलाचा थेंब द्यावा. इंडेक्स्डमध्ये लिव्हर बहुधा निर्दोष असते. गिअर चुकू लागला तर टेपखालचं आउटर पाहावं: ते गिअरचंच आहे ना, कापल्यावर टोक कानशीने सपाट केलं आहे ना, वळसा तुटक झालेला नाही ना. डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा हँगर वाकलेला असेल तर कितीही केबल ताणली तरी सगळे गिअर एकदम जुळत नाहीत. तेव्हा कळ फिरवून लिव्हर घर्षणावर घ्यावी आणि हँगर सरळ करून मिळेपर्यंत तशीच चालवावी.