नियमाची इंग्रजी आणि मास्तरांची इंग्रजी

ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाकडून आली, त्या दिवशी माझ्यापुढे नातीची वही उघडी पडली होती. मधल्या सुट्टीत मैत्रिणीशी गुजरातीत बोलली म्हणून ‘मी शाळेत फक्त इंग्रजीतच बोलेन’ हे इंग्रजी वाक्य तिला पन्नास वेळा लिहावे लागले होते. अक्षर सुरेख, स्पेलिंगची एकही चूक नाही. ‘आता हेच मला तुझ्या शब्दांत सांग’ म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली. शाळेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. असा नियम अनेक ठिकाणी आहे आणि आपल्यापैकी कित्येक पालकांना तो पसंतही आहे. नियमाने बोलणे येते काय, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न आहे.

आपल्या समाजापुरते बोलायचे, तर इंग्रजी वक्तृत्वाचे सर्वात तेजस्वी उदाहरण सव्वाशे वर्षांहून जुने आहे. सन १८९३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून निमंत्रण होते पूज्य आचार्य विजयानंदसूरी उर्फ आत्मारामजी महाराज यांना. परंतु साधूच्या आचारात समुद्रप्रवास बसत नव्हता. म्हणून महुवा येथे १८६४ साली जन्मलेले, अवघे एकोणतीस वर्षांचे श्रावक वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविण्यात आले. परिषदेत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदू मंदिरांवर व समाजावर कठोर टीका केली, तेव्हा वीरचंदजींनी स्वतः जैन असूनही त्याच व्यासपीठावरून तिला उत्तर दिले. लिहून नेलेला निबंध वाचणे वेगळे आणि भरसभेत आलेल्या आक्षेपाला परभाषेत उत्तर देणे वेगळे.

ही शक्ती त्यांच्यात कोठून आली? १८८० मध्ये ते मॅट्रिक झाले व १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. कॉलेजने त्यांना भाषा दिली, यात शंका नाही. पण शिकागोला निघण्यापूर्वी त्यांनी आत्मारामजी महाराजांच्या सान्निध्यात राहून अभ्यास केला, आणि महाराजांनी त्या निमित्ताने सिद्ध केलेला ग्रंथ ‘चिकागो प्रश्नोत्तर’ या नावाने प्रसिद्ध आहे. नावातच प्रश्न आणि उत्तर आहे. महाराजांच्या या ग्रंथाचा इंग्रजीशी संबंध नव्हता. तरीही सभेत उभे राहून उत्तर देण्याची तयारी वीरचंदजींची झाली ती येथे, असे माझे मत आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, चिंतन करणे, घोकणे आणि दुसऱ्यास सांगणे. पाठशाळेत आपण हे पाठ करतो आणि पुढे विसरतो. आपल्या शाळांतील इंग्रजीचा इतिहास या पाच शब्दांनी तपासला, तर बरेच काही उलगडते.

जुन्या मुंबई इलाख्यात मुलाने मराठी किंवा गुजराती शाळेत प्राथमिक शिक्षण घेऊन ‘इंग्रजी पहिली’त जायचे व ‘इंग्रजी सातवी’ला मॅट्रिकला बसायचे, अशी रचना होती. शिकविण्याची पद्धत म्हणजे व्याकरण, शब्दार्थ आणि भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या. त्या पाठमालेला नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही; तिच्यावर शिकलेली माणसे इंग्रजीतील कायद्याची कलमे सहज वाचीत. फक्त साहेबासमोर उभे राहिले की वाक्य ओठांवर येत नसे. वाचना झाली, आम्नाय तर भरपूर झाला. पृच्छनेला वर्गात जागाच नव्हती.

हा दोष त्याच काळी एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने ओळखला होता. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या पी. सी. रेन यांनी १९११ च्या सुमारास हिंदी शाळांत इंग्रजी ‘प्रत्यक्ष पद्धतीने’ शिकवावे, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. वस्तू दाखवावी, कृती करावी, बोलावे, बोलू द्यावे. भाषांतर मध्ये आणू नये, असा त्या पद्धतीचा आशय. दैवदुर्विलास असा, की हेच रेन आज घराघरांत ओळखले जातात ते ‘रेन अँड मार्टिन’ या जाडजूड व्याकरणासाठी! बोलण्याची पद्धत हवी, तर बोलणारा शिक्षक हवा. व्याकरणाचे पुस्तक मात्र कोणत्याही शाळेत पोहोचते.

स्वातंत्र्यानंतर नियमांचा काळ आला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचे इंग्रजी गेले व ते आठवीपासून सुरू होऊ लागले. मातृभाषेचा पाया पक्का व्हावा, हा हेतू निश्चितच स्तुत्य होता. पुढे ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना यापुढे प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या निमित्ताने प्रकरण न्यायालयात गेले. दाद मागणाऱ्या पालकांत एक गुजरातीभाषक होते, ही गोष्ट आपल्या भागाला जवळची वाटावी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरविला.

आपला तालुका तर सीमेवरचा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, तेव्हा उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली व डहाणू-तलासरी महाराष्ट्रात राहिले. नदीनाले तेच, सोयरिकी त्याच. इंग्रजी कितवीपासून, हे मात्र दोन सरकारांनी आपापले ठरविले. महाराष्ट्रात पुढे ते पाचवीपासून झाले आणि २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून आले. आठवी, पाचवी, पहिली. इयत्ता बदलत गेल्या, पण वर्गात मुलाने तोंड उघडण्याचा प्रसंग त्यामुळे वाढला असे म्हणवत नाही.

याचे उत्तर शोधायला मसोलीहून फार दूर जावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी आयुष्यभर ते सांभाळले. तेथे इंग्रजीचा विषय नव्हता. समोर वारली मुले होती आणि त्यांच्यासाठी पुस्तकी मराठीही परकीच. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखायला जाते, तर कुरणात नेली. मुलाची बोली चुकीची आहे, असे न म्हणता तिच्यापासूनच सुरुवात केली. पाने, बिया, शंख, शिंपले हातात, गाणी व गोष्टी तोंडात. बोलके झालेले मूल मग दुसरी भाषाही उचलते. रेन साहेबांनी इंग्रजीसाठी जे मागितले होते, ते कोसबाडला मराठीच्या बाबतीत रोज घडत होते.

भाषा समिती पाळणाऱ्या समाजाला बोलण्यावर नियम असणे मुळीच परके नाही. हित, मित आणि सत्य बोलावे, हा तो नियम. कोणत्या भाषेत बोलावे, याविषयी भगवान महावीरांचे आचरणच बोलके आहे : त्यांनी देशना लोकांना समजणाऱ्या अर्धमागधीत दिली. मातृभाषेत बोलल्याबद्दल दंड घेणारा नियम मुलाला एवढेच शिकवितो, की चूक होण्यापेक्षा गप्प बसावे. आपल्या मुलांना इंग्रजी उत्तम आले पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. व्यापार, वैद्यक, परदेशी शिक्षण सर्वत्र त्याची निकड आहे. म्हणूनच प्रवेश घेताना माध्यमाची पाटी पाहून परतणाऱ्या पालकांनी एक तास वर्गाबाहेर उभे राहून ऐकावे, असे सुचवावेसे वाटते. शिक्षक किती वेळ बोलतात, मुले किती वेळ बोलतात, आणि मूल अडखळले की वर्गात हसू येते की मदत येते?

त्या संध्याकाळी वही मिटून मी नातीला चिकूच्या वाडीत नेले आणि इंग्रजीत विचारले, की पिकलेले फळ कसे ओळखायचे. तिने तोडकेमोडके सांगितले. क्रियापदे चुकली, दोन शब्द गुजराती आले. मी मध्ये बोललो नाही. मग तिनेच मला इंग्रजीत उलट विचारले, की आजोबा, तुम्हाला लहानपणी हे कोणी शिकविले?