आडनावातले गलबत



टेंभुर्णीहून समुद्र फार दूर. आपले मोठे पाणी म्हणजे १९८० साली पूर्ण झालेल्या, भीमेवरील उजनी धरणाचे. परंतु कोकणातील आपल्या बांधवांची नाखवा, सारंग, तांडेल ही आडनावे ऐका. ती गलबतावरूनच आलेली आहेत. फारसीत ‘नाखुदा’ म्हणजे जहाजाचा धनी. त्याचाच नाखवा झाला. १६७९ साली खांदेरीच्या सागरी संग्रामात शिवाजी महाराजांच्या आरमारातून दौलतखान लढला.

ही परंपरा ज्ञानावर उभी होती. ताऱ्यांवरून वाट दाखविणाऱ्यास अरब खलाशी ‘मुअल्लिम’ म्हणत, म्हणजे शिक्षक!

जुने गलबत हाताने दुरुस्त करताना कुजलेली फळी काढण्यापूर्वी तिचा वाक नव्या फळीवर उतरवून घ्यावा लागतो. मग सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठोकून भरतात. वाक चुकला की पाणी आत शिरलेच. ही विद्या बापाच्या हातून मुलाच्या हाती आली. लिहिली गेली ती थोडीच. इंजिने आली, शिडे उतरली आणि ते हातही थांबले.

मुलांनो, सुट्टीत दादा-नानांजवळ बसा. त्यांचा धंदा शिडाचा असो वा मागाचा, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. जुनी फळी गेल्यावर वाक कोणाला विचारणार?