साचा आणि जोडणी : लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचा इतिहास

लढाऊ जेट विमानाची वीतभर प्रतिकृती करून ती रंगवणे हा पोरखेळ आहे, असे पुष्कळांना वाटते. कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाने हा विषय व्याख्यानमालेसाठी का घ्यावा, अशी शंकाही कोणी घेईल. माझे उत्तर सरळ आहे. खेळण्याच्या इतिहासात धंद्याचा इतिहास दडलेला असतो. आणि या खेळण्यामागचा धंदा तर आपल्या भोसरी-मोशीच्या अगदी उंबऱ्यावरचा आहे.

प्रथम मापाची गोष्ट घेऊ. या छंदातले सर्वांत रुळलेले प्रमाण एकास बहात्तर. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट, म्हणजे धिप्पाड माणसाची उंची. विमानाच्या सहा फुटांना एक इंच धरला की वैमानिकाचा पुतळा इंचभर होतो आणि पुढचा हिशेब सोपा होतो. आपल्याकडे विहिरीची खोली परसांत सांगत. परस म्हणजे पुरुषभर माप. त्यातलाच हा प्रकार. इंग्लंडात 1930 नंतरच्या काही वर्षांत 'स्कायबर्ड्स' नावाच्या लाकडी संचांनी हे प्रमाण रूढ केले. यंत्र केवढेही अवाढव्य असो, त्याचे माप अखेर माणसावरून घेतले गेले.

ते संच लाकडाचे होते. तासणे, घासणे, पुन्हा मापणे हे सारे करणाऱ्याच्या हाती. दुसऱ्या महायुद्धात या कौशल्याला निराळेच महत्त्व आले. 1942 साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख प्रतिकृती मागवल्या. त्यांचे प्रमाण हेच, आणि रंग मात्र काळा. तोफेवरच्या शिपायाला आकाशात विमानाची काळी आकृतीच तेवढी दिसते. तीवरून आपले कोणते आणि शत्रूचे कोणते, हे क्षणात ओळखण्याचा सराव या लाकडी विमानांवर होई. म्हणजे पोरांच्या हातच्या कामावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

प्लॅस्टिकचे संच 1936 सालीच 'फ्रॉग' कंपनीने काढले होते. पण त्यांचा खरा प्रसार युद्धानंतर झाला. 1953 साली 'एअरफिक्स'ने स्पिटफायर विमानाचा स्वस्त संच बाजारात आणला आणि या धंद्याला भरती आली. येथे एक मोठा पालट झाला. अवघड कारागिरी मुलाच्या हातातून निघून टूलरूममध्ये गेली. तेथे पोलादाच्या ठोकळ्यात विमान उलटे कोरावे लागते. विमानावर जी रेघ खोल दिसायची ती साच्यात उठावाची. प्लॅस्टिक निवताना आकसते, म्हणून साचा तेवढ्या हिशेबाने मोठा. वस्तू अडकू नये म्हणून भिंतींना किंचित उतार. आपल्याकडच्या डायमेकरला हे काहीच नवे नाही; गाडीच्या डॅशबोर्डाचा साचाही याच नियमांनी होतो. घरी संच उघडणाऱ्याच्या वाट्याला उरली ती जोडणी आणि रंगकाम.

परंतु खरी विमाने आणि त्यांच्या प्रतिकृती यांत वाटते तेवढे अंतर नाही. भारतीय हवाई दलाचे पहिले जेट विमान व्हँपायर. ते 1948 साली आले. त्याच्या पुढच्या धडाचे कवच प्लायवुडच्या दोन पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड दाबून केलेले होते. ज्या बाल्सावर मुले हात बसवतात, त्याच लाकडात आपला पहिला जेट वैमानिक बसला! पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने 'मरुत' हे लढाऊ जेट रचले. त्याचे पहिले उड्डाण 17 जून 1961 रोजी झाले. त्याआधी 1959 साली त्याच मापाचे लाकडी ग्लायडर करून, ते दुसऱ्या विमानाने ओढून वर नेऊन त्याची परीक्षा घेतली गेली. प्रतिकृती येथे खेळणे राहिली नाही. तीच विमानाची पहिली पायरी ठरली.

रंगकाम हे तर इतिहासाचेच काम आहे. मिग-21 घ्या. हे विमान 1963 साली आपल्याकडे आले. 1965 च्या युद्धात ते उघड्या धातूचे, चकाकते होते. 1971 च्या युद्धात अनेक मिगांवर घाईघाईने हिरव्या-तपकिरी रंगांचे पट्टे मारलेले होते. तेव्हा रंग चुकला की सालही चुकले! धातूची चकाकी आणायची तर आधी काळ्या चमकदार रंगाचा हात द्यावा लागतो आणि खालचा ओरखडा न् ओरखडा घासून काढावा लागतो. रुपेरी रंग काहीच झाकत नाही. शिवाय थर पातळ हवा. कागदाएवढा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा थर खऱ्या विमानाच्या मापाने सात मिलिमीटर होतो.

हेच मिग आपल्या राज्यात घडले. मोशीवरून जाणारा रस्ता धरून नाशिक ओलांडले की ओझर लागते. 1964 साली तेथे कारखान्याची स्थापना झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचे खासदारही. ओझरला विमानाचा सांगाडा, कोरापुटला इंजिन, हैदराबादला इलेक्ट्रॉनिक उपकरणे अशी वाटणी झाली. आरंभी रशियाहून तयार भागांचे संच येत आणि आपले कामगार ते जोडत. मग सुटे भाग आले, आणि शेवटी कच्च्या मालापासून विमान घडवणे साधले. अशी सहाशेहून अधिक मिग-21 विमाने देशात तयार झाली. 26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 सेवेतून निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात, 17 ऑक्टोबरला, ओझरच्या कारखान्यातून तेजस मार्क-1ए आकाशात गेले. ते तर आपल्याच देशात रचलेले विमान.

या इतिहासाचा धडा असा की जोडणी ही विद्येची सुरुवात आहे, शेवट नव्हे. ओझरच्या कामगाराला जोडणीपाशीच थांबवले असते, तर संच येणे बंद होताच त्याचा हात रिकामा राहिला असता. आज आपल्या पट्ट्यात मला असे कंत्राटी तरुण भेटतात, ज्यांनी पाच-पाच वर्षे एकाच मोल्डिंग मशीनवर काढली. पण उघडा साचा त्यांना कोणी समजावून दिला नाही. त्यांचे काम वस्तू काढून पेटीत टाकणे एवढेच. मजुरीचा प्रश्न आम्ही लढतोच. परंतु ज्ञान अडवून ठेवणे हीदेखील मजुरी बुडवण्याचीच एक रीत आहे. जो साचा जाणतो, त्याला सहज काढून टाकता येत नाही.

म्हणून मालकांकडे माझी मागणी आहे की प्रत्येक शिकाऊ कामगाराला ठराविक काळ टूलरूममध्ये ठेवावे. आणि पालकांना विनंती ही, की मुलाने प्रतिकृतीचा हट्ट धरला तर तयार विमान आणू नका. बाल्साचा तुकडा, कानस आणि पॉलिश पेपर द्या. पहिले विमान वाकडे होईल. ते का वाकडे झाले, हे शोधायला तो बसला, की त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजा.