वक्रतेचे नाव आणि छेदाची सीमा
किशोरवयीन पृष्ठवंश-वक्रतेच्या वर्गीकरणाचा इतिहास

मराठीत 'कुबड' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या विकारांना लावला जातो. क्षयाने मणका पोखरून पाठीवर आलेला उंचवटा, वार्धक्यात निघालेले पोक, आणि दहाव्या-बाराव्या वर्षी, विशेषतः मुलींच्या पाठीत, कोणत्याही ज्ञात कारणावाचून उत्पन्न होणारी बाजूची वक्रता. तिसऱ्या प्रकारात कणा मागे वाकलेला नसतो. तो डावी-उजवीकडे वळतो, वळताना स्वतःभोवती पिळला जातो, आणि त्या पिळामुळे एका बाजूच्या फासळ्या वर उचलल्या जातात. लोकभाषा जे दिसते त्याला नाव देते, म्हणून याही मुलीला 'कुबड आले' असेच म्हटले जाते.

ग्रीक वैद्यकात हा भेद दिशेवरून केला गेला. गेलेनच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या तीन संज्ञांपैकी 'कायफोसिस' मागच्या, 'लॉर्डोसिस' पुढच्या आणि 'स्कोलिओसिस' बाजूच्या वाकण्यासाठी आहे. संस्कृतातील 'कुब्ज' हा शब्द असा भेद करीत नाही. परंतु भागवताच्या दशम स्कंधातील कुब्जेचे दुसरे नाव 'त्रिवक्रा' आहे आणि तेथे वक्रता मोजलेल्या आहेत. कृष्ण तिच्या पावलांवर आपले पाय रोवतो, हनुवटीखाली दोन बोटे लावून तिला वर उचलतो आणि ती सरळ होते. ही कथा भक्तीची आहे, तिच्यात शल्यतंत्र शोधणे हा अरसिकपणा होईल. तथापि खाली स्थिर करून वर ताणणे हीच कल्पना हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ताणफळीत होती आणि विसाव्या शतकातील धातूच्या दांड्यातही आहे, एवढे नमूद करण्यास हरकत नाही.

अर्वाचीन शास्त्राचे 'ऑर्थोपेडी' हे नावच मुळात मुलांवरून पडले. निकोला आंद्री याने १७४१ मध्ये 'सरळ' आणि 'बालक' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ते घडवले. वक्रतेबरोबर पीळही असतो, हे दाखवण्याचे श्रेय बव्हंशी विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यविशारदाकडे जाते. १८५२ मध्ये मृत्यू पावलेला भूगर्भशास्त्रज्ञ गिडियन मँटेल याच्या शवाची तपासणी त्याने केली होती. १८६५ मध्ये त्याची व्याख्याने प्रसिद्ध झाली. मुलाला कमरेत पुढे वाकवून पाठीकडे पाहण्याची जी चाचणी आजही शाळाशाळांतून केली जाते, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

कणा सांधण्याची शस्त्रक्रिया मात्र प्रथम क्षयासाठी आली. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या हिब्स व अल्बी यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि हिब्सने लवकरच तिचा उपयोग बाजूच्या वक्रतेतही केला. क्षयात प्रश्न तुलनेने सोपा असतो : रोगग्रस्त मणका जेथे आहे तेथे सांधावयाचे. कारण अज्ञात असलेल्या वक्रतेत रोगग्रस्त असा मणका नसतोच. मग कोठून कोठवर सांधावयाचे? वर्गीकरणाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

त्यासाठी आधी मोजमाप हवे होते. ते जॉन कॉब याने १९४८ मध्ये दिले. वक्रतेच्या वरच्या व खालच्या टोकाच्या, सर्वांत अधिक कललेल्या मण्यांवरून रेषा काढून त्यांतील कोन घेण्याची ही रीत इतकी साधी आहे, की तीन-चतुर्थांश शतकानंतरही ती टिकून आहे. १० अंशांखाली वक्रता मानत नाहीत. वाढ चालू असता साधारण २५ अंशांपलीकडे पट्ट्याचा विचार होतो, आणि ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा. १९५४ मध्ये जेम्स याने प्रारंभाच्या वयावरून शैशव, बाल्य आणि कैशोर्य असे तीन गट केले. १९६२ मध्ये ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन याने आपल्या दांड्याचे विवरण प्रसिद्ध केले. पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी त्याने तो घडवला होता.

औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले, ते या दोन टप्प्यांच्या दरम्यान. या नगरीत परिभाषेचा प्रश्न त्याहून जुना आहे. मौलवी अब्दुल हक यांच्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय येथेच होते आणि संज्ञा कशा घडवाव्यात यावरील वहीदुद्दीन सलीम यांचा 'वज़्अ-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ १९२१ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात एके काळी वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई. मराठवाड्यात नवे महाविद्यालय निघाले तेव्हा तो प्रयोग मागे पडून इंग्रजी आली होती. कॉबचा कोन मात्र भाषांतराची अपेक्षा ठेवीत नाही, हे परिभाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु कोन म्हणजे वर्ग नव्हे. ५५ अंशांच्या दोन पाठींत एकीत कमरेची वक्रता वरच्या वक्रतेला केवळ तोल देण्यासाठी आलेली असते, तर दुसरीत ती स्वतः घट्ट झालेली असते. पहिलीत छातीचा भाग सांधला की खालचा आपोआप सावरतो. दुसरीत तो सावरत नाही. सांधलेले मणके जन्मभर हलत नाहीत. मांडी घालून जेवावयास बसणे, शेतात वाकून खुरपणे, घागर उचलणे या क्रिया कमरेच्या मोकळ्या मणक्यांवर चालतात. अधिक सांधले तर ही मोकळीक जाते. कमी सांधले तर तोल जाऊन दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची पाळी येऊ शकते.

१९८३ मध्ये किंग, मो, ब्रॅडफोर्ड व विंटर यांनी हॅरिंग्टन-पद्धतीने उपचार झालेल्या ४०५ रुग्णांच्या अभ्यासावरून छातीच्या वक्रतेचे पाच प्रकार केले. त्यांतील दुसरा सर्वांत महत्त्वाचा : वर-खाली दोन्ही वक्रता मध्यरेषा ओलांडतात, पण वरची मोठी व अधिक ताठर असते. येथे केवळ छातीचा भाग सांधावा आणि त्रिकास्थीच्या मध्यातून काढलेली उभी रेषा ज्या मणक्याला दुभागते तेथे थांबावे, असा त्यांचा निर्णय होता. वर्गाच्या नावातच छेदाची सीमा सांगितली गेली, हे या पद्धतीचे खरे बळ. तिचे दौर्बल्यही तेथेच होते. १९८४ मध्ये कोत्रेल व द्युबूसे यांचे नवे उपकरण आले. त्यात अनेक आकडे बसवून कणा पिळूनही सरळ करता येई. त्याने अधिक जोराने वरचा भाग सुधारताच कित्येक 'दुसऱ्या प्रकारच्या' पाठींचा तोल खाली ढळू लागला. जुन्या साधनावर बेतलेले नाव नव्या साधनाला पुरले नाही. शिवाय कमरेच्या मुख्य वक्रतेला त्या पाच घरांत जागा नव्हती, आणि बाजूने घेतलेल्या चित्राचा विचारच नव्हता. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले, की तेच क्ष-किरणचित्र पाहून निरनिराळे तज्ज्ञ पुरेशा प्रमाणात एकच प्रकार सांगत नाहीत. बोलींच्या पाहणीत दोन निरीक्षकांनी एकच उच्चार दोन रीतींनी टिपला तर नकाशावरची सीमारेषा निरर्थक ठरते. येथे तर ती रेषा मुलाच्या पाठीवर ओढली जाणार होती.

लॉरेन्स लेन्के व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धती या आक्षेपांचे उत्तर आहे. मुलाला बाजूला वाकवून घेतलेल्या चित्रातही जी वक्रता २५ अंश वा त्याहून अधिक राहते ती 'रचनात्मक', इतर लवचीक. (बाजूच्या चित्रातील काही ठिकाणचा २० अंशांचा बाकही ती रचनात्मक ठरवतो.) कोणत्या वक्रता रचनात्मक आणि कोणती सर्वांत मोठी, यावरून सहा प्रकार होतात, चौथ्यात तिन्ही रचनात्मक, म्हणजे 'त्रिवक्रा' हे नाव येथे अक्षरशः शोभते. प्रकाराला दोन उपपदे जोडली जातात. मध्यरेषा कमरेच्या शिखर-मणक्यापासून किती दूर जाते यावरून ए, बी, सी. आणि छातीचा मागचा बाक १० अंशांहून कमी, १० ते ४० किंवा ४० हून अधिक यावरून उणे, सामान्य, अधिक. गणिताने चोपन्न रूपे व्हावीत, पण होतात बेचाळीस. कारण पाचव्या व सहाव्या प्रकारांत कमरेची वक्रता मुख्य असल्याने मध्यरेषा मणक्यापासून सुटलेलीच असते आणि त्यांना 'सी'खेरीज उपपद संभवत नाही. प्रत्ययांपैकी काही विशिष्ट धातूंनाच लागावेत, तशी ही व्यवस्था आहे. रचनात्मक तेवढे सांधावे, लवचीक ते सोडावे, हा तिचा सामान्य नियम.

नियमाची कसोटी 'एक-सी' या रूपावर लागते. कमरेची वक्रता लवचीक म्हणून सोडावयाची, पण ती मध्यरेषेपासून पूर्ण दूर गेलेली. येथे सर्वच शल्यविशारद नियम पाळतात असे नाही; खांद्यांची उंची, दोन वक्रतांचे प्रमाण व उरलेली वाढ पाहून काही जण कमरेपर्यंत सांधतात. २४ अंश लवचीक व २५ अंश रचनात्मक, ही सीमाही मुलाने त्या दिवशी किती जोर लावून वाकून दाखवले यावर काही अंशी अवलंबून असते. मण्यांचा पीळ तर या बेचाळीस रूपांपैकी एकातही नोंदला जात नाही.