रीळ गेलं, फाईल आली: हजार खुर्च्यांची थिएटरं का बंद पडली?

‘मोबाईल आणि ओटीटी आले, म्हणून जुनी थिएटरं बंद पडली’ असं आपण सहज बोलून जातो. पण तारखा पाहिल्या की हे गणित जुळत नाही. गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला. ते थिएटर १९७२ मध्ये पाडलं गेलं. पुण्यात मंडईजवळचं आर्यन १९१५ साली सुरू झालं आणि १९८३ मध्ये बंद पडलं. तिथे आज वाहनतळ आहे. स्वस्त फोर-जी डेटा आला २०१६ मध्ये! म्हणजे मोबाईलच्या आधीपासून काहीतरी चालू होतं. त्यातला जागेच्या किमतीचा भाग सगळ्यांना माहीत असतो. तंत्रज्ञानाचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सिनेमा पाच किलोमीटर लांब असायचा

थिएटरमधली फिल्म ३५ मिलिमीटर रुंद असायची. सेकंदाला २४ चित्रं आणि एका फुटात १६ चित्रं, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म लागणार. तीन तासांच्या सिनेमाला १६,२०० फूट, जवळपास पाच किलोमीटर! म्हणूनच सेन्सॉरच्या जुन्या सर्टिफिकेटवर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी छापलेली दिसते.

ही पट्टी सरळ धावत नाही, नाहीतर पडद्यावर सगळं पुसट दिसेल. प्रोजेक्टरमधलं क्रॉसच्या आकाराचं एक चाक प्रत्येक चित्र खाली ओढतं, क्षणभर थांबवतं आणि पुन्हा ओढतं. ओढताना पडद्यावर प्रकाश जाऊ नये म्हणून मध्ये शटर फिरतं. चित्र थांबलेलं असताना तेच शटर त्याच्यावर दोनदा प्रकाश सोडतं, त्यामुळे डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. हे सगळं सेकंदाला २४ वेळा, तेही कसलीही चिप नसताना. मला विचाराल तर आजच्या कुठल्याही गॅजेटपेक्षा हे यंत्र जास्त भारी आहे.

दोन हजार फुटांचं एक रीळ साधारण २२ मिनिटांत संपायचं. त्यामुळे केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असायचे. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा. तो ऑपरेटरसाठी इशारा असायचा. दुसरा ठिपका दिसताच तो दुसऱ्या यंत्रावर जायचा. पूर्वी दिव्याच्या जागी दोन कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्या जळून छोट्या होत, तसं ऑपरेटरला त्यांच्यातलं अंतर सांभाळत बसावं लागे. पुढे झेनॉनचे दिवे आले.

मग हजार खुर्च्या कशाला?

अशी एक प्रिंट बनवणं महाग, त्यामुळे प्रिंटा मोजक्याच निघायच्या. सिनेमा आधी मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत लागायचा. तिथे गर्दी ओसरली की तीच प्रिंट ओरखडे घेत तालुक्याच्या गावाला पोहोचायची. कधी कधी तर दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट असे. शोच्या वेळा पुढेमागे ठेवायच्या आणि संपलेली रिळं सायकलवरून दुसरीकडे धाडायची.

प्रिंट कमी आणि प्रेक्षक भरपूर असले, की हॉल मोठाच हवा. हजार खुर्च्या, दिवसाला चार खेळ, २५ आठवडे (म्हणजे सिल्व्हर जुबिली) असा हिशोब केला तर सात लाख तिकिटं होतात. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर, सहा ट्रॅकच्या आवाजासह लागला आणि पाच वर्षांहून जास्त काळ चालला. मिनर्व्हासारख्या थिएटरचं अर्थकारण अशा लांब मुक्कामावर उभं होतं.

कॉपी फुकट झाली

२००५ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल सिनेमाची मानकं ठरवली. रिळांच्या पेटीच्या जागी हार्ड डिस्क आली. प्रत्येक चित्र वेगळं कॉम्प्रेस केलेलं असतं आणि वेग सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट. त्यामुळे अडीच तासांचा सिनेमा अडीचशे जीबीच्या वरही जाऊ शकतो. फाईल एन्क्रिप्टेड असते. तिची चावी वेगळी येते आणि ठरलेल्या सर्व्हरवर, ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. आमच्या धंद्यात याला डीआरएम म्हणतात.

भारतात मात्र वेगळाच खेळ झाला. ती महागडी यंत्रं छोट्या थिएटरांना परवडणारी नव्हती. यूएफओ मूव्हीज, क्यूब अशा कंपन्यांनी स्वस्त पर्याय आणले. यूएफओने तर सिनेमा थेट सॅटेलाईटवरून थिएटरच्या सर्व्हरवर पाठवला. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा तालुक्यातही शुक्रवारीच लागू लागला. पायरेटेड सीडीवाल्यांना मिळणारी मधली मुदतच संपली. कमी बजेटच्या मराठी निर्मात्यालाही प्रिंटांच्या खर्चातून सुटका मिळाली. म्हणजे याच तंत्रज्ञानाने गावाकडची कितीतरी थिएटरं काही वर्षं तगवली, हेही लिहायलाच हवं.

शहरातल्या मोठ्या हॉलचं मात्र उलट झालं. सिनेमा एकाच दिवशी सगळीकडे लागला की गर्दी वाटली जाते आणि पहिल्या तीन दिवसांतच बरीचशी कमाई होऊन जाते. मग मंगळवारच्या दुपारी हजार खुर्च्यांत तीस माणसं! एसी, वीज, डोअरकीपर यांचा खर्च तेवढाच. मल्टिप्लेक्सला हे सोपं जातं. गर्दी घटली की तोच सिनेमा छोट्या स्क्रीनवर हलवायचा. देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स १९९७ मध्ये दिल्लीत सुरू झालं. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये मल्टिप्लेक्सना करमणूक करात काही वर्षांची सवलत दिली. एकपडदा थिएटरवाले तेव्हा पूर्ण कर भरत होते, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. मराठा मंदिरमध्ये ऑक्टोबर १९९५ ला लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ पुढे पंचवीस वर्षांहून जास्त चालला, पण तो अपवाद. चर्चगेटचं १९३८ सालचं इरॉस २०१७ मध्ये बंद पडलं आणि २०२४ मध्ये आयमॅक्स होऊन पुन्हा उघडलं. बाहेरची इमारत तीच आहे आणि पडदाही एकच. आत पूर्वी हजारांहून जास्त खुर्च्या होत्या, आता तीनशेच्या आसपास आहेत.