सफरीआधींची सफर

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांत दिंद्रुड नांवाचें गांव आहे. तेथून समुद्र सुमारें दोनशें मैल दूर. अशा गांवच्या मुलाला शिडाची नौका बहुधा पुस्तकांतच भेटते. समुद्र कोंकणचा, देशावरच्या माणसाचें नातें मातीशीं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. परंतु लहानशा शिडाच्या नौकेनें ध्रुवाकडच्या पाण्यांत शिरण्याच्या साहसाचा महाराष्ट्राशीं जडलेला इतिहास पाहिला, तर ही समजूत टिकत नाहीं. त्या साहसाचा मोठा भाग पाण्यावर घडतच नाहीं. तो जमिनीवर, नौका नांगर उचलण्यापूर्वींच घडून गेलेला असतो.

हा इतिहास मुंबईंत सुरू होतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या व्यापारी जहाजांवरील तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें तेथें बत्तीस फूट लांबीची एक नौका बांधविली. १९६४ च्या डिसेंबरांत ती पाण्यांत उतरली. तिचें नांव ‘सुहेली’. इराणच्या आखातांतील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हें नांव देतात. येथील सुतारांनीं सागवानाच्या फळ्या वांकस आणि हातसामत्यांनीं घडविल्या. सागांत मूळचेंच तेल असतें, म्हणून तें पाण्यांत सहसा कुजत नाहीं. आराखडा अमेरिकेच्या विल्यम अ‍ॅटकिन यांचा, परंतु त्याचें कुळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या जीवरक्षक होड्यांशीं जाऊन मिळतें. याच आर्चर यांनीं नान्सेन यांच्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेसाठीं ‘फ्राम’ हें जहाज बांधलें. तें १८९२ मध्यें पाण्यांत उतरलें. बर्फानें दोहों बाजूंनीं आवळलें तरी चिरडून न जातां वर उचललें जावें, अशी त्याच्या तळाची गोल ठेवण होती.

१९६८ च्या जूनमध्यें नॉक्स-जॉन्स्टन ‘सुहेली’ घेऊन एकटे निघाले आणि ३१२ दिवसांनीं, कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्यानें व विनाथांबा अशी प्रदक्षिणा त्यापूर्वीं कोणीं केलेली नव्हती. वाटेंत तळाशीं गळती लागली, तेव्हां पाण्याखालीं बुडी मारून त्यांनीं फटी कापसानें बुजविल्या आणि वर किंतानाची पट्टी ठोकली. आपोआप दिशा धरणारें यंत्र मोडलें, तेव्हां शिडें जुळवून नौका मार्गावर ठेवली. कापूस, किंतान आणि खिळे नौकेंत होते, म्हणूनच ती बुडी सार्थकीं लागली. पुढें १९९१ मध्यें गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन हीच नौका ग्रीनलंडच्या हिमखंडांनीं भरलेल्या खाडींत गेली. मुंबईच्या सागवानानें आर्क्टिकचें पाणी पाहिलें तें असें.

मुंबईंतून परदेशीं गेलेली ही विद्या पुढें पुनः मराठी माणसाच्या हातीं आली. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धांत ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान होते. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यांत फलटणजवळ विंचुर्णी येथें राहत. एखाद्या भारतीयानें भारतांत बांधलेल्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनीं ती अंगावर घेतली. २००६ सालीं ते इंग्लंडला गेले. तेथें नॉक्स-जॉन्स्टन दुसऱ्या एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची तयारी करीत होते. दोंदे यांनीं त्यांच्याजवळ राहून पडेल तें काम केलें.

मग नौकेची पाळी आली. गोव्यांत मांडवीच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा नौकाकारखाना. शिडाची अशी सागरी नौका त्यांनीं पूर्वीं बांधलेली नव्हती. डच आराखडा समोर ठेवून लाकडी पट्ट्यांवर कांचतंतूंचें कवच चढवीत छपन्न फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली आणि २००९ च्या फेब्रुवारींत नौदलांत दाखल झाली. दोंदे बांधकामापासूनच तिच्याजवळ होते, हें फार महत्त्वाचें. खवळलेल्या दक्षिण सागरांत हांक मारावी असा कारागीर नसतो. जेथें कांहीं मोडेल तेथला सांधा नाविकाला आधींच ठाऊक असावा लागतो. डब्यावरची कागदी चिठ्ठी ओलीनें निघून गेली, तर आंत काय आहे हें डबा फोडल्यावरच कळावयाचें. एकट्या माणसाला तर आजारी पडण्याचीहि मुभा नसते.

१९ ऑगस्ट २००९ रोजीं ‘म्हादेई’ मुंबईहून निघाली आणि चार बंदरें घेऊन, छपन्नाव्या दक्षिण अक्षांशाजवळच्या केप हॉर्नला वळसा घालून, १९ मे २०१० रोजीं परतली. प्रवास नऊ महिन्यांचा. त्यामागची तयारी तीन वर्षांहून अधिक. पुढें २०१२–१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं त्याच नौकेंतून विनाथांबा प्रदक्षिणा केली, तेव्हां किनाऱ्यावर तयारीचा भार वाहण्यांत दोंदे होते. २०१७–१८ मध्यें वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा स्त्री अधिकाऱ्यांनीं प्रदक्षिणा केली, ती ‘तारिणी’हि दांडेकरांच्याच कारखान्यांतली.

जो शिकला त्यानें पुढच्याला शिकविलें. या इतिहासाचें सार एवढेंच आहे. कीर्ति परतणाऱ्याची होते. वांकस चालविणाऱ्या सुताराचें नांव मागें राहत नाहीं, परंतु त्याचें काम लाटेखालीं टिकून राहतें. दिंद्रुडपासून समुद्र दूर आहे हें खरें. विंचुर्णीपासूनहि तो दूरच होता.