फलटणच्या पाटीवरचे नाव

फलटणला उतरल्यावर ‘कमला निंबकर बालभवन कुठे?’ असे विचारले, तर कोणीही रस्ता दाखवील. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन, पण भारताचे नागरिकत्व घेतलेल्या भाषाभ्यासक बाईंनी १९८६ मध्ये ही शाळा सुरू केली. मराठी माध्यमातून उत्तम शिक्षण देता येते हे तिने दाखवून दिले. पण पाटीवरच्या या कमलाबाई कोण, असे विचारून पाहा. मी पाहिले आहे. रिक्षावाल्याने ‘निंबकरांच्यातल्याच कुणी तरी’ म्हणून मोकळा झाला. रसवंतीवाल्याने शाळेच्या देणगीदार ठरवल्या.

माझे पोट ज्या विद्येवर चालले, ती विद्या या देशात कमलाबाईंनी आणली. तिचे नाव ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात, आणि या शब्दाने आमचे फार नुकसान केले आहे. लोकांना वाटते, रुग्णाला दुकान काढून देतात किंवा शिवणयंत्र देतात. भौतिकोपचार म्हटले की शेक, व्यायाम, मसाज असे काही तरी डोळ्यांपुढे येते. आमच्याबाबतीत काहीच येत नाही. खरे तर गोष्ट साधी आहे. माणूस दिवसभर जे जे करतो, म्हणजे अंघोळ, जेवण, बटणे लावणे, खुरपणे, हिशेब लिहिणे, ते त्याला पुन्हा करता यावे म्हणून त्या कामांतूनच त्याच्यावर उपचार करायचे.

या विद्येचे एक मूळ क्षयरोगात आहे, हे ऐकून आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आश्चर्य वाटेल. पाचगणी आणि मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावे एके काळी क्षयाशीच जोडलेली होती. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणे हाच मुख्य उपचार असे. अमेरिकेत जॉर्ज बार्टन नावाचे एक वास्तुशिल्पी होते. त्यांना क्षय झाला, पायावर शस्त्रक्रिया झाली आणि मग शरीराची डावी बाजू लुळी पडली. पडून राहण्याला कंटाळून त्यांनी बागकाम आणि सुतारकाम धरले आणि त्यातून स्वतःला उभे केले. त्यांच्याच क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावच्या घरी १९१७ च्या मार्चमध्ये काही समविचारी मंडळी जमली व त्यांनी या शास्त्राची पहिली संस्था स्थापन केली. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतणाऱ्या सैनिकांमुळे पुढे तिला काम कमी पडले नाही.

कमलाबाई माहेरच्या एलिझाबेथ लंडी. शांततावादी क्वेकर पंथाच्या अमेरिकन घराण्यात वाढलेल्या. विष्णू निंबकरांशी लग्न ठरले आणि १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या, त्या इथल्याच झाल्या. गांधीजींचा काळ होता. हाताने काम करण्याला तेव्हा या देशात जी प्रतिष्ठा मिळाली होती, तिच्याशी त्यांच्या पुढच्या कामाचा संबंध असावा, असे आपले माझे मत. वयाची चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शाळेत त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचा रीतसर अभ्यास केला आणि परत येऊन १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिची शाळा काढली. भारतातली ती पहिली. दोनच वर्षांत, १९५२ मध्ये, अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झालेल्या देशाचे नाव इंग्लंड-अमेरिकेच्या पंक्तीला आले, त्यामागे बव्हंशी या एका बाईची चिकाटी होती.

फलटणशी नाते जुळले ते चिरंजीवांमुळे. बनबिहारी निंबकर तिथे शेतीत रमले आणि १९६८ मध्ये त्यांनी कृषी संशोधन संस्था स्थापन केली. कमलाबाई वारल्यानंतर काही वर्षांनी शाळेला त्यांचे नाव दिले गेले.

मी सांगली जिल्ह्यातली. १९८१ साली मिरजेहून रात्रीच्या गाडीने मुंबईला शिकायला निघाले, तेव्हा वडिलांनी फलाटावर विचारले होते, ‘विणकाम शिकायला एवढ्या लांब?’ त्यांचेही खरे होते. शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र यांच्या जोडीला आम्ही हातमागावर बसत होतो, रंधा मारत होतो. पण सरांचे प्रश्न वेगळे असायचे. धोटा फेकताना खांदा किती उचलतो? रंधा ढकलताना मनगटाची कोणती स्थिती? कामाचे असे तुकडे पाडून बघणे हाच आमच्या विद्येचा कणा.

पदवीनंतर काही वर्षे नोकरी करून मी पदव्युत्तर अभ्यासाकडे वळले, ते एका मावशींमुळे. मी तेव्हा कुष्ठरुग्णांत काम करत होते. कुष्ठरोगात कोपरामागची नस गेली की बोटे आखडतात आणि पंजा नखीसारखा होतो. १९४८ मध्ये वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी यावर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शाबूत असलेल्या स्नायूची दोरी सोडवून ती निकामी स्नायूच्या जागी जोडायची. शस्त्रक्रिया होते, पण मेंदूला हा बदल ठाऊक नसतो. जो स्नायू आयुष्यभर बोट मिटत आला, त्याने आता बोट सरळ करायचे. ते शिकवण्यात आठवडेच्या आठवडे जातात, आणि ते काम आमचे.

माणदेशातल्या या मावशींची शस्त्रक्रिया छान झाली होती. हाताची क्षमता मोजायला मी जेबसन यांची १९६९ ची प्रमाणित चाचणी लावली. तिच्यात लिहायचे असते, पत्ते उलटायचे असतात, चमच्याने घेवड्याचे दाणे उचलायचे असतात, डबे उचलायचे असतात. मावशी दाण्यांकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, चमच्यानं कोण जेवतंय?’ लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, त्या शाळेत गेल्या नव्हत्या. कागदावर त्यांना गुण पडले ते इतके कमी, की शस्त्रक्रिया फसली असे कोणालाही वाटावे. मग तुम्हाला काय करता यायला हवे, असे विचारले. ‘भाकरी थापता आली पायजे. माझ्या हातची कुणी खातंय का नाय, ते मागनं बघू.’

माझा पदव्युत्तर प्रबंध या उत्तरातून निघाला. भाकरीचे तुकडे पाडले. पीठ मळताना तळहाताच्या मुळाचा जोर, गोळा फिरवताना दोन्ही हातांचा मेळ, थापताना मुळांशी वाकलेली पण पुढे सरळ, जुळलेली बोटे. ही शेवटची स्थिती म्हणजे नखीपंज्यात नेमकी गमावलेली, आणि शस्त्रक्रियेने परत आणायची असते ती. म्हणजे पाश्चात्त्य चमच्यापेक्षा आमची परातच अधिक अचूक मोजत होती. दोन परीक्षकांनी वेगवेगळे पाहून सारखेच गुण दिले पाहिजेत, तरच ते मोजमाप. त्यासाठी मी किती परातभर पीठ वाया घालवले, ते माझ्या वसतिगृहाच्या आचाऱ्याला माहीत. एका परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारले, ‘हा प्रबंध आहे की पाककृती?’ मी उत्तर दिले, पण आवाज कापत होता.

अडचण दुसरीकडेच निघाली. संवेदना गेलेल्या हाताला तवा तापलेला कळत नाही. पाण्याचा हात फिरवून भाकरी नुसत्या बोटांनी उलटायची आपली रीत या मावशींना घातक होती. त्यांना उलथणे वापरायला लावणे हे स्नायूला नवे काम शिकवण्यापेक्षा अवघड गेले. ‘उलथण्यानं भाकरी? बाया हसतील की.’ शेवटी मुठीला सुती कापड गुंडाळून जाड केलेले उलथणे घेऊन त्या घरी गेल्या. थापून झाल्यावर रोज बोटे तपासायची, लाली दिसली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची, एवढे पढवून ठेवले होते.

तीन महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. बोटे सरळ होती. भाकरी जमते म्हणाल्या, कडा जरा फाटतात. मी भीत भीत विचारले, घरी खातात का?

‘ल्योक खातो. सून अजून नाय.’

त्यापुढच्या खेपेला मी तो विषय काढला नाही. अंगठ्यावर नवा फोड आला होता, तो कशाने आला ते आधी पाहायचे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)